पंचवीस सेकंद गप्प बसणारी डिस्क: एका स्टोरेज क्लस्टरच्या टाइमआउटचे प्रकरण

तक्रार एका ओळीची होती: फाइल उघडत नाही, थोड्या वेळाने उघडते. दिवसातून चार-पाच वेळा सगळी सेवा अर्धा-एक मिनिट ठप्प व्हायची आणि कोणी काही न करता पुन्हा सुरू व्हायची. डॅशबोर्ड मात्र हिरवागार. एकही डिस्क बाद नाही, एकही सर्व्हर बंद नाही, कुठलाच इशारा नाही. आधी नेटवर्कवर संशय घेऊन झाला, मग डेटाबेसवर, मग नेहमीप्रमाणे आमच्याच ताज्या डिप्लॉयमेंटवर. शेवटी सापडली ती एक डिस्क. १२० पैकी एक.

डिस्क बदलायला तासभर लागला असता. आम्ही मात्र ती बदलण्याआधी तिच्याभोवतीचा एक आकडा बदलला आणि दोन आठवड्यांनी त्याची किंमत मोजली. हे टिपण मुख्यतः त्या आकड्याबद्दल आहे.

मांडणी

क्लस्टर सेफचा (Ceph, अनेक यंत्रांच्या डिस्क जोडून एक मोठा साठा करणारी प्रणाली). १२ सर्व्हर, प्रत्येकात १० डिस्क, प्रत्येक डिस्कमागे ती सांभाळणारी स्वतंत्र ओएसडी प्रक्रिया. प्रत्येक ऑब्जेक्टच्या तीन प्रती. त्यातल्या किमान दोन जाग्या असल्याशिवाय लिहिणे-वाचणे होत नाही. कोण जिवंत, कोण मेलेले याचा नकाशा मॉनिटर नावाच्या प्रक्रिया सांभाळतात. त्यावर आमची फाइल सेवा: ६४ थ्रेड (प्रत्येक एका वेळी एकच विनंती हाताळणारा), लिब्रॅडोस या सेफच्या लायब्ररीतून थेट क्लस्टरशी बोलणारी. तिच्यापुढे वापरकर्त्यांच्या विनंत्या घेणारी आणखी एक सेवा. गर्दीच्या वेळी सेकंदाला साधारण ३०० विनंत्या, बहुतेक वाचनाच्या.

प्रत्येक थरात कोणीतरी कधीतरी एक टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट पाहण्याची मुदत, ठरवून ठेवला होता. पुढची सेवा ५ सेकंद वाट पाहायची आणि एकूण तीन प्रयत्न करायची. फाइल सेवा क्लस्टरसाठी १० सेकंद थांबायची आणि तीही तीन प्रयत्न करायची. हे १० सेकंद आमचे. लिब्रॅडोसचा मूळचा टाइमआउट शून्य आहे, म्हणजे उत्तर येईपर्यंत कितीही वेळ थांबायचे. तो १० कोणी केला आणि का, याची नोंद कुठेच नव्हती. सेफचे आकडे मूळचेच होते. ओएसडी एकमेकांना दर ६ सेकंदांच्या आत हार्टबीट, म्हणजे ‘जिवंत आहेस ना?’ असा छोटा संदेश, पाठवतात. २० सेकंद उत्तर आले नाही तर शेजारी मॉनिटरकडे तक्रार करतात आणि तो ओएसडी ‘डाउन’ ठरतो. ६०० सेकंद डाउन राहिला तर ‘आउट’ होतो, म्हणजे त्याच्या प्रती दुसरीकडे तयार व्हायला लागतात. सगळ्यात खाली लिनक्स कर्नल, जो डिस्कला दिलेल्या आज्ञेची ३० सेकंद वाट पाहतो.

एकेकटा पाहिला तर यातला कुठलाही आकडा वेडगळ वाटत नाही. पुढची सेवा ५ वर सोडून देते आणि तिच्या मागची ३० सेकंद तेच काम करत बसते, ही विसंगती तेव्हाही समोर होती. पण एकाच कागदावर सगळे आकडे कोणी मांडलेच नव्हते.

डिस्क काय करत होती

तिच्या पृष्ठभागाचा एक भाग खराब होत चालला होता. एखादा सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा डेटाचा छोटा तुकडा, नीट वाचता आला नाही की डिस्क स्वतःच तो पुन्हा पुन्हा वाचून पाहते. तोवर ती बाहेर काहीच बोलत नाही. किती वेळ प्रयत्न करायचा याला मर्यादा घालता येते, पण आमच्या या डिस्कवर ती मर्यादा बंद होती. त्यामुळे ती सुमारे २५ सेकंद झगडायची आणि बहुतेक वेळा डेटा काढूनही द्यायची. चुकीचे उत्तर नाही, त्रुटी नाही. फक्त उशीर.

२५ सेकंद ही मोठी चमत्कारिक जागा निघाली. कर्नलची सीमा ३०, म्हणून कर्नलच्या लॉगमध्ये ओळ नाही. सेफ ‘स्लो ऑप’ची, म्हणजे रेंगाळलेल्या कामाची, कुरकुर सुरू करते ती मुळात ३० सेकंदांनंतर, म्हणून तिथेही शांतता. मग हार्टबीट? ओएसडीचा काम करणारा थ्रेड १५ सेकंद अडकला की ती प्रक्रिया स्वतःला आजारी समजते आणि शेजाऱ्यांच्या हार्टबीटला उत्तर देणे बंद करते. ही सोय उत्तम आहे. ती नसती तर डिस्क अडकलेली असताना हार्टबीटचा थ्रेड ‘मी ठीक आहे’ म्हणत राहिला असता. पण १५ सेकंदांनी मौन सुरू होणार आणि त्यानंतर शेजारी २० सेकंद वाट पाहणार. बेरीज ३५. डिस्क २५ ला शुद्धीवर यायची. शेजाऱ्यांना संशय येईपर्यंत ती पुन्हा हजर, जणू काही झालेच नाही. तीन चाळण्या लावल्या होत्या आणि तिन्ही चाळण्यांची भोके या दगडापेक्षा मोठी होती. डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या ठेवते त्या स्मार्टच्या नोंदींत प्रलंबित सेक्टरांचा आकडा वाढत होता खरा, पण तिकडे कोणाचे लक्षच नव्हते.

१२० पैकी एक डिस्क, मग सगळे का थांबले?

हा प्रश्न आम्ही उशिरा विचारला आणि उत्तर साध्या गुणाकारात मिळाले. ३०० विनंत्या, १२० डिस्क, वाटप बऱ्यापैकी समान. म्हणजे एका डिस्कच्या वाट्याला सेकंदाला अडीच. निरोगी विनंती थ्रेडला सुमारे १० मिलिसेकंद अडवते, म्हणजे एरवी एका वेळी सरासरी ३ थ्रेड कामात. ६४ म्हणजे ऐसपैस.

आता एक डिस्क २५ सेकंद गप्प. तिच्याकडे जाणाऱ्या विनंत्या साचत जाणार: २५ गुणिले अडीच, म्हणजे ६२ च्या आसपास. शेवटच्या सेकंदाला थोडी ओढाताण झाली असती आणि प्रकरण तिथेच मिटले असते. पण पाचव्या सेकंदाला पुढची सेवा कंटाळून तीच विनंती दुसऱ्यांदा पाठवते, दहाव्या सेकंदाला तिसऱ्यांदा. आधीच्या विनंतीचा थ्रेड तोवर सुटलेला नसतो. मागणारा निघून गेला आहे हे त्याला कळलेलेच नसते. त्यात दहा सेकंदांचा टाइमआउट झाला की फाइल सेवा त्याच थ्रेडमधून दुसरा प्रयत्न सुरू करते. मांडून पाहिले तर तेराव्या सेकंदाला ६० थ्रेड अडकलेले, चौदाव्याला ६७. म्हणजे त्या दोन सेकंदांच्या मध्ये कुठेतरी ६४ संपले. तिथून पुढे ज्यांच्या फायली ठणठणीत डिस्कवर आहेत तेही रांगेत.

डिस्क जागी झाल्यावरही लगेच मोकळीक नाही. क्लायंटने टाइमआउट होऊन हात झटकले म्हणून ओएसडीच्या रांगेतले काम नाहीसे होत नाही. एका क्लिकमागे जास्तीत जास्त नऊ वाचने, त्यातली बरीचशी आता कोणालाच नको असलेली, आणि डिस्क ती इमानेइतबारे पूर्ण करते. २५ सेकंदांच्या मौनाचा अर्धा-एक मिनिट कसा होत होता ते असे उलगडले.

लिहिण्याच्या बाजूला वेगळाच घोळ होता. टाइमआउटचा अर्थ ‘उत्तर आले नाही’ इतकाच, ‘काम झाले नाही’ असा नव्हे. लिब्रॅडोस स्वतःहून एखादी विनंती पुन्हा पाठवते तेव्हा तिची ओळख तीच राहते आणि ओएसडी आपल्या नोंदी पाहून दुबार काम टाळतो. आमची सेवा मात्र प्रत्येक प्रयत्नाला ऑब्जेक्टचे नवे नाव द्यायची. डिस्क जागी झाली की तिन्ही लिखाणे यथासांग पार पडायची. एकच जोडपत्र तीनदा साठवलेले सापडले, तेव्हा आधी आम्ही वापरकर्त्यांनाच दोष दिला होता: बटण दोनदा दाबत असतील. त्यांनी एकदाच दाबले होते.

कागदावर अचूक बसलेला उपाय

दोषी डिस्क ओळखण्याआधीच्या आठवड्यात आम्हाला एवढे कळले होते की कुठलातरी ओएसडी वीस-पंचवीस सेकंद अडकतो आणि डाउन ठरत नाही. १५ अधिक २० म्हणजे ३५, हे गणितही मांडले होते. मग पुढची पायरी उघड वाटली. २० चे ८ केले तर १५ अधिक ८, २३. पंचवीसच्या आत. अडकलेला ओएसडी डाउन ठरेल, वाचन दुसऱ्या प्रतीकडे वळेल, विषय संपला.

हा आकडा ओएसडी आणि मॉनिटर दोघांनाही कळावा लागतो, म्हणून तो आम्ही सगळ्यांना लागू होईल असा, व्यवस्थित ठेवला. तपासणीही केली. ओएसडीची प्रक्रिया मारून पाहण्यात अर्थ नसतो, हे तेव्हा ठाऊक होते. प्रक्रिया मेली की यंत्राचा कर्नल पुढच्या जोडणीला तत्काळ नकार देतो, तो नकार पाहूनच शेजारी तक्रार करतात आणि टाइमआउटची वेळच येत नाही. खूप ठिकाणी टाइमआउटची चाचणी म्हणून प्रक्रिया मारतात आणि टाइमआउट सोडून बाकी सगळे तपासतात. आम्ही प्रक्रिया गोठवली. दहा सेकंदांच्या आत ती डाउन झाली, वाचन सुरू राहिले. सगळे खूश.

तपासले नाही ते एकच: जो ओएसडी ठणठणीत आहे, पण ज्याचे हार्टबीट थोडे उशिरा पोहोचते, त्याचे काय होईल?

हार्टबीट ६ सेकंदांच्या आत एकदा जाते. ८ ची मुदत म्हणजे एक हार्टबीट हुकले तर दुसऱ्याला जेमतेम जागा. हार्टबीट टीसीपीवरून जाते, म्हणजे हरवलेले पाकीट पुन्हा पाठवणाऱ्या जोडणीवरून. लिनक्समध्ये पाकीट हरवल्यावर पहिले पुनर्प्रेषण लवकरात लवकर २०० मिलिसेकंदांनी होते आणि दर वेळी ही वाट दुप्पट होते: ०.२, ०.४, ०.८, १.६, ३.२. पाच वेळा पाकीट हरवले की ६.२ सेकंद गेले. तुडुंब भरलेल्या स्विचवर असे होणे दुर्मीळ म्हणता येत नाही. मूळच्या २० मध्ये हे सामावते. ८ मध्ये नाही.

देखभालीची रात्र

दोन आठवड्यांनी कर्नलचे अद्ययावतीकरण होते. एकेक सर्व्हर बंद करून चालू करायचा, नेहमीचे काम. डेटाची हलवाहलव होऊ नये म्हणून ‘नोआउट’ (कोणालाही आउट ठरवू नका असे सेटिंग) लावले होते. तिसरा सर्व्हर परत आला, त्याच्या दहा ओएसडींनी मधल्या काळातले बदल ओढायला सुरुवात केली, आणि नेटवर्क भरले. हार्टबीट लांबले. ८ सेकंद उलटले. निरोगी ओएसडी डाउन ठरू लागले.

असा ओएसडी नवा नकाशा पाहतो, आपण त्यात मेलेले आहोत हे वाचतो, लॉगमध्ये आपल्याला चुकून डाउन ठरवल्याची तक्रार नोंदवतो आणि पुन्हा हजेरी लावतो. सेफ ऑब्जेक्ट गटागटाने ठेवते आणि एका गटाच्या तीन प्रती तीन ओएसडींवर असतात. हजेरी लावली की त्याच्या वाट्याच्या प्रत्येक गटाची शेजाऱ्यांशी पुन्हा जुळवाजुळव. त्या काळात त्या गटांचे लिहिणे-वाचणे थांबलेले. जुळवाजुळव झाली की राहिलेले बदल ओढणे. म्हणजे नेटवर्कवर आणखी भार, आणखी हार्टबीट लांबणार, आणखी निरोगी ओएसडी डाउन. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि तेही रांगेने.

त्यात एक नियम आम्हाला ठाऊक नव्हता. ६०० सेकंदांत ५ हून अधिक वेळा डाउन ठरवला गेलेला ओएसडी स्वतःलाच बंद करून घेतो. हेतू चांगला आहे: सतत पडणाऱ्या-उठणाऱ्या सदस्यापेक्षा सरळ गैरहजर सदस्य परवडतो. पण इथे दोष त्या ओएसडींचा नव्हता, मुदतीचा होता. एकामागून एक ते बंद होत गेले, ते वेगवेगळ्या सर्व्हरवर होते, आणि काही गटांच्या तीनपैकी एकच प्रत जागी राहिली. त्या गटांचे काम पूर्ण थांबले. डेटा गेला नाही. सेवा मात्र गेली, आणि या वेळी अर्ध्या मिनिटात परत आली नाही.

सेफमध्ये वारंवार लांबणाऱ्या ओएसडीसाठी मुदत आपोआप वाढवण्याची सोयही आहे. ती आधीच्या अनुभवावरून शिकते. आमच्याकडे सगळे इतक्या लवकर आटोपले की तिचा उपयोग झाला नाही.

बाहेर कसे आलो ते थोडक्यात: ‘नोडाउन’ लावून नवे डाउन ठरवणे थांबवले, मुदत २० वर परत नेली, बंद पडलेले ओएसडी एकेक करून उठवले आणि बदल ओढण्याचा वेग कमी ठेवला. ‘नोआउट’ योगायोगाने लावलेले होते म्हणून वाचलो. ते नसते तर दहा मिनिटांनी बंद ओएसडींच्या प्रती नव्याने तयार व्हायला लागल्या असत्या, त्याच तुंबलेल्या नेटवर्कवरून.

दोन घड्याळे

दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत एका वरिष्ठ सहकाऱ्याने एकच विचारले: आठ सेकंदांनंतर आपण जे करतो, ते चुकून केले तर काय होते, हे कोणी लिहिले आहे का? लिहिले नव्हते. आम्ही सगळा वेळ ‘किती लवकर कळेल’ याचाच हिशोब करत होतो.

दूरच्या यंत्राकडून उत्तर न येणे म्हणजे ते मेले की संथ झाले, हे फक्त वाट पाहून खात्रीने सांगता येत नाही. फिशर, लिंच आणि पॅटरसन यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले की, संदेशाला किती वेळ लागेल याची काहीच हमी नसेल आणि एक जरी प्रक्रिया कोसळू शकत असेल, तर सगळ्यांचे एकमत नक्की होईलच असा, यादृच्छिक निवडीचा आधार न घेणारा, कोणताही अल्गोरिदम नाही. म्हणजे टाइमआउट हा अंदाजच. तो कधी ना कधी चुकणार. प्रश्न उरतो तो चुकीच्या किमतीचा.

ही किंमत डोक्यात ठेवून इतर प्रणालींचे आकडे पाहिले की त्यांचा अर्थ लागतो. ईटीसीडी या छोट्या, एक नेता निवडून चालणाऱ्या डेटासाठ्यात हार्टबीट १०० मिलिसेकंदांचे आणि नवी निवडणूक १ सेकंदाने. इतकी घाई का परवडते? चुकून निवडणूक झाली तर डेटा हलत नाही, फक्त नेता बदलतो. एचडीएफएस या हडूपच्या फाइल प्रणालीत डेटानोड (डेटा ठेवणारे यंत्र) मेलेला ठरायला साडेदहा मिनिटे लागतात: पाच मिनिटांच्या तपासणीचे दोन फेरे आणि ३ सेकंदांची दहा हार्टबीट. तिथे चुकले तर पूर्ण नोडच्या डेटाच्या नव्या प्रती काढायला सुरुवात होते. पण त्याच एचडीएफएसमध्ये ३० सेकंद गप्प असलेला नोड ‘शिळा’ धरला जातो आणि सेटिंग चालू असेल तर वाचनासाठी त्याला शेवटी विचारतात. ग्लस्टर या फाइल प्रणालीत गप्प सर्व्हरची वाट पाहण्याचे ४२ सेकंद मला आधी विनोदी वाटायचे. जोडणी तुटली की पुन्हा जुळवणे तिथे महाग असते, हे कळल्यावर हसू गेले.

आणि २१ ऑक्टोबर २०१८ ची, प्रोग्रॅमरांचा कोड साठवणाऱ्या गिटहबची घटना. देखभालीच्या कामात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या डेटा सेंटरचा संपर्क ४३ सेकंद तुटला. तेवढ्यात स्वयंचलित व्यवस्थेने डेटाबेसचे नेतृत्व पश्चिम किनाऱ्यावर हलवले. संपर्क परत आला तेव्हा दोन्हीकडे एकमेकांकडे न पोहोचलेली लिखाणे होती. सगळे सुरळीत व्हायला २४ तास ११ मिनिटे लागली. ४३ सेकंद नुसते थांबले असते तर ४३ सेकंदांचेच नुकसान होते, असे मागाहून म्हणणे सोपे आहे. त्या क्षणी ते ४३ सेकंदच असणार हे कोणालाच माहीत नसते. पण नेतृत्व देशाच्या दुसऱ्या टोकाला नेणे हा निर्णय शेजारच्या रॅकमध्ये नेण्याइतक्या सहज होऊ नये, एवढे नक्की. नंतर त्यांनीही प्रदेश ओलांडून नेता नेमणे बंद केले.

सेफमध्ये ही दोन घड्याळे मुळातच वेगळी आहेत. २० सेकंदांनी डाउन, म्हणजे ‘सध्या याला विचारू नका’. ६०० सेकंदांनी आउट, म्हणजे ‘याच्या प्रती नव्याने करा’. पहिली चूक स्वस्त आहे असे आम्ही धरून चाललो. ती एकट्याने झाली तर स्वस्त असते. एकाच वेळी चाळीस ओएसडींबाबत झाली की नाही.

नवे आकडे आणि त्यांची कारणे

सुरुवात खालून केली, कारण विलंब तिथे जन्मत होता. डिस्कला त्रुटी-दुरुस्तीची मर्यादा ७ सेकंद घातली. सेक्टर ७ सेकंदांत वाचता आला नाही तर ती त्रुटी परत देते आणि ओएसडी तोच डेटा दुसऱ्या प्रतीवरून आणतो. सात सेकंद म्हणजे कर्नलच्या ३० च्या बरेच आत. उलट क्रम असता तर डिस्क झगडत असतानाच कर्नलने तिला रीसेट केले असते. बऱ्याच डिस्क वीज गेल्यावर ही मर्यादा विसरतात, म्हणून ती प्रत्येक वेळी यंत्र सुरू होताना लावली जाते. हा एक बदल आधी केला असता तर बाकीचे काहीच लागले नसते असे काहींचे मत आहे. मला ते अर्धे पटते: पुढच्या वेळी गप्प बसणारी वस्तू डिस्क नसेल, कंट्रोलर असेल.

हार्टबीटची मुदत २०. तिला पुन्हा हात लावायचा असेल तर आधी ‘भरलेल्या नेटवर्कवर निरोगी ओएसडी’ ही चाचणी. ‘स्लो ऑप’चा इशारा मात्र ३० वरून ५ वर आणला. इशारा चुकला तर एका माणसाची झोप मोडते, क्लस्टर मोडत नाही. म्हणून तिथे उतावळेपणा परवडतो. लवकर कळणे आणि लवकर कृती करणे या दोन गोष्टी आम्ही एकाच आकड्यात कोंबल्या होत्या.

वाचनाचा टाइमआउट ९ सेकंद: डिस्कचे ७, दुसऱ्या प्रतीचे वाचन आणि थोडी रांग. यावर बराच वाद झाला. निरोगी दिवशी हजारातली ९९९ वाचने अर्ध्या सेकंदाच्या आत होतात, मग २ सेकंद का नको? उत्तर सेफच्या रचनेत आहे. वाचन एरवी त्या गटाच्या मुख्य प्रतीकडेच जाते. २ सेकंदांनी सोडून पुन्हा मागितले तरी त्याच अडकलेल्या डिस्कच्या दारात जाऊन उभे राहायचे. याच कारणाने, थोडा वेळ थांबून तीच विनंती समांतर दुसरीकडे पाठवण्याची सुंदर युक्तीही आम्ही बाजूला ठेवली. वेगवेगळ्या प्रतींकडे विनंती वळवता येते तिथे ती झकास चालते. २ सेकंदांचा एक खरा फायदा होता: थ्रेड लवकर सुटले असते. पण ७ सेकंदांची अडवणूक म्हणजे १८ थ्रेड, आणि ते ६४ मध्ये बसत होते.

फाइल सेवेतले पुनर्प्रयत्न काढून टाकले. पुनर्प्रयत्न एकाच थराने करायचा, पुढच्या सेवेने, आणि तोही टाइमआउट झाल्यावर नाही. जोडणीलाच तत्काळ नकार मिळाला किंवा ‘गर्दी आहे’ असे उत्तर आले तरच, यादृच्छिक वेळ थांबून. एकूण मुदत १० सेकंद. त्यातला किती वेळ उरला हे विनंतीबरोबर खाली जाते. उरलेला कालावधी पाठवतो, घड्याळातली वेळ नाही, कारण दोन यंत्रांची घड्याळे जुळतीलच असे नाही. मुदत संपलेले काम रांगेतून काढून फेकले जाते.

लिखाणासाठी उलटा निर्णय: लिब्रॅडोसचा टाइमआउट पुन्हा शून्य. ऑब्जेक्टचे नाव पुढची सेवा पहिल्या प्रयत्नाआधीच ठरवते, त्यामुळे दुसरा प्रयत्न त्याच नावावर पडतो. १० सेकंदांत उत्तर आले नाही तर वापरकर्त्याला ‘पुष्टी बाकी’ दिसते, ‘फसले’ नाही, आणि मागाहून विचारून खात्री केली जाते. लिखाणाचे थ्रेड वाचनापासून वेगळे केले.

वीज काढून

चाचणी क्लस्टरवर एका डिस्कचे कामकाज कर्नलच्या डिव्हाइस मॅपरमधून थांबवायचे आणि ठरावीक सेकंदांनी सुरू करायचे, असा छोटा प्रयोग लिहिला. ५, १२, २५, ४०. सगळे अपेक्षेप्रमाणे झाले. मग कोणीतरी म्हणाले, आख्ख्या सर्व्हरची वीज काढून पाहू.

तिथे आमचे नवे गणित पुन्हा तोकडे पडले, आणि सुदैवाने ते आधी कागदावरच दिसले. बारापैकी एक सर्व्हर म्हणजे सेकंदाला २५ विनंत्या. वीज गेलेले यंत्र नकारही देत नाही, नुसते गप्प. प्रत्येक वाचन ९ सेकंद अडकणार: २२५. थ्रेड ६४. म्हणजे डिस्कसाठी सुरक्षित असलेला आकडा सर्व्हरसाठी सेवा बंद पाडणारा. टाइमआउट आणखी कमी करून ही दरी नीट भरत नव्हती. २ सेकंद ठेवले असते तरी ६४ पैकी ५० थ्रेड गेले असते. म्हणून वाचन असिंक्रोनस केले. आता वाट पाहणारी विनंती थ्रेड अडवत नाही, आणि मर्यादा लिब्रॅडोसच्या एका वेळच्या १०२४ क्रियांची आहे. २२५ तिच्यात मावतात.

मग वीज काढली. वीस-बावीस सेकंद बारापैकी एक वाचन त्रुटी घेऊन परतले, बाकीची चालू राहिली. त्यानंतर नकाशा बदलला आणि त्रुटी थांबल्या. हा आकडा आम्ही लपवला नाही. सेवा ज्यांच्यासाठी चालवतो त्यांना विचारले: सर्व्हर मेला तर वीस-बावीस सेकंद बारातली एक फाइल उघडणार नाही, चालेल? ते विचारात पडले आणि मग त्यांनी विचारले की हे वीसऐवजी आठ करता येतील का.

त्यांना देखभालीच्या रात्रीचा लॉग दाखवला.